रोडगे दहापैकी नऊ, बुरूज चाळीस फूट चुकला

दर्यापूरच्या बसस्थानकाबाहेर काळीपिवळीवाल्याला गावाचं नाव सांगत बसू नका. नुसतं "बुरजावरचे रोडगे" म्हणा, तो "बसा" म्हणेल. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे. अंजनगावच्या रस्त्यानं अर्धाएक तास, मग डावीकडे वळून कच्चा रस्ता. हिवाळ्यात-उन्हाळ्यात फुफाटा. पावसाळ्यात जाऊच नका. इथल्या काळ्या जमिनीनं एकदा चाक धरलं की बैलजोडी तरी शोधा नाहीतर ट्रॅक्टर.

आम्ही अकरा जण होतो. साळ्याच्या पोराला नोकरी लागली तर मारुतीला रोडगे देईन, असा नवस बायको बोलून बसली होती. लागली एकदाची. आता मूर्तिजापुरात आमच्या घरामागं गोवऱ्यांची रास पेटवायला जागा राहिलेली नाही, आणि धूर झाला की शेजारचे फ्लॅटवाले खिडक्या आपटतात. गेल्या वर्षी महामार्गावरच्या एका ढाब्यात "रोडगा थाळी" असं लिहिलेलं पाहून शिरलो होतो. त्यांनी कणकेचे गोळे तेलात तळून आणले. त्या दिवसापासून बायकोनं शपथ घेतली होती की नवस फेडायचा तर गोवऱ्यांवरच फेडायचा. मग भाच्यानं या जागेचा नंबर दिला.

पद्धत अशी आहे. दोन दिवस आधी फोन करायचा. दहापेक्षा कमी माणसं असली तर त्या घरच्या बायका करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. चार माणसांसाठी गोवऱ्यांची एवढी रास जाळणं परवडत नाही. माणशी १८० रुपये. त्यात रोडगे पोटभर, वांग्याची भाजी, वरण, तूप, मिरचीचा ठेचा, कांदा, मुळा. भात सांगितला तर करतात, पण सांगू नका. रोडग्यासोबत भात खाणारा माणूस पंगतीत उगाच एक जागा अडवतो. मारुतीचं देऊळ पन्नास पावलांवर आहे, नैवेद्याचे पाच रोडगे त्या वेगळे काढून ठेवतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

घरात दोघीच. सासू ऐंशीच्या पुढच्या, गाव त्यांना आजी म्हणतं. सून चाळिशीची. वाढायला आणि पाणी भरायला सुनेचा मुलगा, कॉलेजातला.

आता पाटीचं सांगतो, कारण माझी सगळी कुरकुर तिथून सुरू होते.

अंगणाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावलाय. त्यावर एक भलामोठा बुरूज. गुलाबी दगडाचा, वर छत्र्या, खाली कमानी. असला बुरूज वऱ्हाडात कुठं असेल तर मी मिशा उतरवून ठेवीन. तो राजस्थानातला आहे. खाली लिहिलंय: "८०० वर्षे जुन्या यादवकालीन बुरजावर बसून गावरान रोडग्यांचा आस्वाद घ्या." मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पत्र्याची शेड, सारवलेला ओटा, गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, पडलेला खड्डा, एक शेवग्याचं झाड, दोन शेळ्या. बुरूज नाही.

पोराला विचारलं, "कुठाय रे बुरूज?"

"हेच जी. आर आहे ना, तेथी होता."

मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली. भूकरमापक म्हणून लागलो आणि त्याच खुर्चीच्या आसपास निवृत्त झालो. माणसानं हात करून "तेथी होता" म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. शेतकऱ्यांच्या निम्म्या भांडणांचं मूळ त्या "तेथी"मध्ये असतं.

आधी रोडग्याचं, कारण माणूस पैसे त्याचे देतो. गहू जाडसर दळलेला, रव्याकडं झुकणारा. मुठीत दाबला तर मूठ टिकेल इतकं मोहन. ओवा, मीठ. सून एक गोळी पुरीएवढी लाटते, तुपाचं बोट फिरवते, वर दुसरी, वर तिसरी, मग एका मोठ्या पारीत हे सगळं गुंडाळून हातानं चेंडू करते. आतल्या घड्या ही रोडग्याची खरी परीक्षा. घड्या नसतील तर तो भाजलेला दगड. तिकडं आजी आराजवळ बसलेल्या. गोवऱ्या पेटून धूर पूर्ण निघून जाईपर्यंत त्यांनी कोणाला रोडगा टाकू दिला नाही. सून एकदा घाईनं परात घेऊन आली तर आजींनी मान न वळवता हातानंच तिला थांबवलं. धुरात पडलेला रोडगा आतपर्यंत कडू होतो, मग कितीही तूप ओता. धूर गेला, गोवऱ्या लालबुंद होऊन वर पांढरी राख धरली, तेव्हा आजींनी काठीनं आर पसरला, रोडगे मांडले आणि वरून राख-आर लोटून सगळे बुजवून टाकले.

"पाऊन घंटा," आजी म्हणाल्या.

मोजणीदाराला पाऊण तास मोकळा सोडू नये. माझ्या पिशवीत ३० मीटरची फीत कायम असते. बायको याला आजार म्हणते.

बुरूज शोधायचा तर आधी तट शोधावा लागतो. हा गाव पूर्वी गावकुसातला. पेंढाऱ्यांच्या दिवसांत वऱ्हाडातल्या कितीतरी गावांनी भोवती मातीची भिंत घातलेली होती, मध्ये गढी, एका बाजूला वेस. लढायांची धूळ या पट्ट्यानं पोटभर खाल्लेली आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला, दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांशी तह, आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांशी. म्हणजे एका महिन्यात वऱ्हाडाचं नशीब बदललं ते सगळं या रस्त्याच्या टोकाशी. अशा मुलखात गाव उघडं ठेवून झोपणं शक्यच नव्हतं.

बुरूज तटाच्या रेषेत नसतो, रेषेच्या पुढं काढलेला असतो. कारण साधं आहे. तटावर उभ्या माणसाला तटाच्या अगदी बुडाशी येऊन खणणारा चोर दिसत नाही. पुढं काढलेल्या बुरजावरून तो कुशीत सापडतो. आणि गोल अशासाठी की चौकोनी कोपरा आधी ढासळतो. म्हणजे बुरूज हवा तटाच्या बाहेरच्या अंगाला. पोरानं दाखवलेला आर तर अंगणाच्या मधोमध. तिथं बुरूज असेल तर तो गावाच्या आत तोंड करून उभा होता असं धरावं लागेल. गावकऱ्यांवरच बंदुका रोखायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

घरामागं गेलो. तिथं एक खोलगट बोळ आहे, तिला खाई म्हणतात. आता तिच्यातून गावाची मोरी वाहते. नाव ऐकलं आणि मी नाक दाबून आत शिरलो. खाईच्या काठानं सहा घरांच्या मागच्या भिंती एका सुतात. सहा वेगवेगळ्या माणसांची घरं, वेगवेगळ्या वर्षी बांधलेली, कोणाची विटांची, कोणाची सिमेंटची, पण मागची भिंत सगळ्यांची एका ओळीत. खेड्यात असं आपोआप होत नाही. शेजारी शेजाऱ्याच्या सुतात घर बांधत नसतो. ही तटाची रेघ. तट गेला, रेघ राहिली.

आणि सातवं बांधकाम म्हणजे आजींचा गोठा. त्याची मागची भिंत वाकलेली. पोट सुटलेल्या भिंती पुष्कळ पाहिल्या, पण पोट सुटतं ते उभ्या अंगानं. ही आडव्या अंगानं, जमिनीपासूनच गोल. बुडाशी शेणाचा जाड लेप होता. काठीनं खरवडला तर खाली काळा घडीव दगड, तीन थर, प्रत्येक दगडाचं तोंड किंचित कमानदार. मी पोराला हाक मारली.

फितीचं एक टोक त्याला धरायला लावलं. वाकाच्या या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ अंतर, म्हणजे जीवा, १८ फूट. त्या सरळ रेषेच्या मध्यापासून भिंतीच्या पोटापर्यंत फाटा ३ फूट. आता अर्ध्या जीवेचा वर्ग, म्हणजे नवाचा, एक्याऐंशी. भागिले फाटा, सत्तावीस. अधिक फाटा, तीस. बुरजाचा व्यास ३० फूट. आमची जुनी साखळी ३३ फुटांची असायची, तीन फूट कमी एक साखळी. पोरगं डोळे फाडून बघत होतं. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाला. हे त्यानं दहावीत शिकलेलं होतं, पण भिंतीला लावून पाहिलेलं नव्हतं.

आरापासून गोठ्याच्या त्या भिंतीपर्यंतही फीत टाकली. ४० फूट, वर काही इंच. पाटी चाळीस फुटांनी चुकली.

सुनेनं नवी मिळकत पत्रिका आणून दाखवली. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली तेव्हाची, लोकांनी हद्दींवर चुना टाकला होता ती. नकाशात आजींच्या प्लॉटची मागची बाजू अगदी बारीक पण स्पष्ट गोल निघालेली आहे. ज्या कोणी तो नकाशा केला त्याला माझा रामराम. भिंत वाकडी दिसली, त्यानं वाकडीच काढली. आमच्या वेळी पुष्कळ जण अशा ठिकाणी सरळ रेघ मारून चहाला जायचे.

राहिला "यादवकालीन". आजींना विचारलं, बुरूज तुम्ही पाहिला का?

"पाह्यला म्हंजे? म्या लगीन होऊन आली तवा दोन पुरुष उंच उभा होता तो. वरतं पिपय होता. भोकाइत राघू राहेत. सासरे म्हनत, हे बंदुकीचे भोकं हायेत."

ती भोकं म्हणजे जंग्या. यादवांचं राज्य १३१८ पर्यंत आटोपलं, आणि दख्खनमध्ये हातातली बंदूक रुळली ती त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी. ज्या बुरजाला बंदुकीच्या जंग्या, त्याचं वरचं काम तरी यादवांचं नाही. पायाचे दगड जुने असतील, कुठल्या पडक्या देवळाचेही असतील, ते तीन थर पाहून मी सांगू शकत नाही. आपल्याकडं गावात काळा दगड दिसला की यादवकालीन, आणि चुना नसला की हेमाडपंती. ज्याची तारीख दगडावरच कोरलेली आहे ते मात्र कोणी बघत नाही. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, गाविलगडावरचा बुरुज-ए-बहराम १५७७ चा, दोन्हींवर शिलालेख. बाळापूरचा विटांचा किल्ला १७५७ मध्ये पुरा झाला. हे तिन्ही इथून एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. रोडगे खाऊन पोट हलकं राहिलं तर जाऊन या. राहणार नाही.

चंद्रपूरला माझी तीन वर्षं बदली होती. तिथला परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, मी रोज पाहायचो. सुमारे अकरा किलोमीटरचा फेरा, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा असे चार दरवाजे, पाच खिडक्या म्हणजे लहान दरवाजे. त्या तटाची गोष्ट तर आमच्या खात्याला शोभेल अशी. राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागं एक ससा लागला. हो, कुत्र्यामागं ससा. तो ज्या वाटेनं पळाला त्या वाटेनं तट घाला आणि जिथं झटापट झाली तिथं बुरूज बांधा, असं राणीनं सांगितलं. गोंड राजांनी पुढं काही पिढ्या लावून तो पुरा केला. ससा मोजणीदार. फाटे मात्र त्यानं चुकवले नाहीत, कारण तो तट अजून उभा आहे. २०१७ पासून तिथल्या स्वयंसेवकांनी झाडंझुडपं काढून त्याच्यावर चालता येईल असं केलं. शहराचा तट दगडाचा असला की त्याच्या मागं कोणीतरी उभं राहतं. खेड्याचा मातीचा.

तर मी आजींना तोच प्रश्न विचारला, जो कोणीही विचारेल. बुरूज नेला कोणी?

"कोन नेईन? आमीच नेला." त्या आराकडं बघतच बोलत होत्या. "मिरगाच्या आंधी धाब्यावर माती टाका लागे. कोठून आनू? बुरजाची माती चांगली, पानी धरत नाई. पाटलानं नेली, तेल्यानं नेली, आमी नेली. दगडं मारुतीच्या ओट्याले लागले. काही इहिरीले."

ज्याला धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. शेत ती काळी, गाव ती पांढरी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की तिच्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिची भिंत टिकत नाही, छप्पर तर नाहीच. म्हणून गढी, गावकूस, घरं, सगळं पांढरीचं. धाब्यावर ती दरवर्षी नव्यानं अंथरावी लागते, कारण दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते. शिवाय शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, गुरांचं मूत त्या मातीत मुरलेलं, म्हणून ती शेतात खत म्हणूनही जायची. अशाच मातीतून पूर्वी शोरा काढायचे, आणि शोऱ्याची बंदुकीची दारू. म्हणजे बुरूज नीट उकळला असता तर त्याच्यातूनच त्याच्या बंदुकांचा खुराक निघाला असता.

मी बसल्या बसल्या गणित केलं. ३० फूट व्यासाचं क्षेत्र सातशे सात चौरस फूट. आजींचे सासरे सांगत ती उंची वीस फूट धरली तर चौदा हजार घनफूट. एका बंडीत, म्हणजे बैलगाडीत, पंचवीस घनफूट माती धरा. साडेपाचशेच्या वर बंड्या. गावात पन्नास धाबी असली तर घरामागं अकरा बंड्या, आणि त्या एका वर्षात नेल्या नाहीत, दोन-तीन पिढ्यांत नेल्या. तोफेचा एक गोळा या बुरजाला लागला नाही. टिकास आणि फावडं, दर वर्षी मृगाच्या आधीचे चार दिवस.

पाटीवर आणखी एक गोष्ट नाही, ती मीच लिहितो. वेशीवर रात्री जागायचा तो वेसकर. गाव आत झोपलेलं, दरवाजा त्याच्या भरवशावर, आणि त्याचं स्वतःचं घर त्याच गावकुसाच्या बाहेर. मी मोजणीला पुष्कळ गावांत फिरलो, जुने नकाशे उलगडले. कुसाच्या आतल्या घरांना क्रमांक, बाहेरच्या वस्तीला एक ठिपक्यांची रेघ. बुरूज गेला म्हणून हळहळणारे सगळे कुसाच्या आतले असतात, हे मी तीसएक वर्षांत पाहिलेलं आहे. मीही आतलाच.

पाऊण तास झाला. आजींनी काठीनं राख बाजूला केली, एक रोडगा काढला, फडक्यात धरून दोन हातांनी दाबला. तो चिरला आणि वाफ निघाली. "काढ," त्या सुनेला म्हणाल्या.

पहिला घास घेतला तेव्हा मी बुरूज विसरलो होतो, हे कबूल करतो. वरचं कवच खरपूस, राखेचा वास नुसता वासापुरता, चवीत नाही. आतल्या घड्या सुट्या होऊन येतात आणि प्रत्येक घडीत तूप जिरलेलं. वाटीभर तुपात कुस्करायचा आणि वर भाजीचा रस्सा. भाजीला छोटी काटेरी वांगी, देठासकट, चार चिरा देऊन, आलूसोबत. तेलाचा तवंग लालभडक, पण तिखट बेताचं. सुक्या खोबऱ्याचं वाटण चुलीवर भाजलेलं, हे जिभेला लगेच समजतं. ठेचा मात्र बेताचा नाही. साळ्याच्या पोराला, ज्याच्या नोकरीमुळं हे सगळं घडलं, एक बोट चाखून उचकी लागली ती ताकावरही थांबेना. मी पाच रोडगे खाल्ले. वयाला तीनच शोभतात.

वरण फसलं. तूरडाळ दाताखाली कचकचत होती. हा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. शहानूर धरणाच्या नळाला त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, म्हणून विहिरीचं वापरलं, असं सून आपण होऊन सांगून गेली. आपण होऊन सांगितलं म्हणून मी अर्धा गुणच कापतो. वरण हवंच असेल तर फोन करताना नळाला कधी पाणी येतं ते विचारून घ्या.

उरलेला अर्धा गुण बारीक खड्यांचा. दोन-तीन रोडग्यांना तळाशी माती चिकटलेली होती. राख फडक्यानं झटकतात, पण आराचा खड्डाच मातीचा, तिथून येते.

बसायला ओटा आहे, खुर्च्या चार. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी पोचून खुर्ची धरावी. पत्रावळी पळसाच्या आहेत, कागदी नाहीत, याचे गुण वाढवले असते पण दहाच्या वर जाता येत नाही. संडास गोठ्याच्या पलीकडं आहे, स्वच्छ आहे, पाणी बादलीनं घ्यावं लागतं. माझ्या मोजणीप्रमाणं तो बुरजाच्या घेरात, उत्तरेच्या अंगाला येतो. पाटी खरी करायची तर तिथं लावावी लागेल. हे मी सुनेला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"मंग काका, आता पाटी हलवू का बुरूज?"

मी म्हटलं, निदान तो राजस्थानचा फोटो तरी काढा आणि आठशे वर्षं खोडा. ती म्हणाली, "पोट्ट्यानं अमरावतीहून छापून आनला जी. मोबाइलवर जो भेटला तो टाकला. फाटला की नवा करू."

आजी ऐकत होत्या. पान कुटत होत्या. पान अंजनगावचं, या भागात दुसरं कोणी खातच नाही. त्यांनी खलबत्ता खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बसले तो ओटा कायचा हाय?"

मी खाली पाहिलं. सारवलेला, पिवळट-पांढरा.

"आमच्या धाब्याची माती हाय ते. पोरानं टिनं टाकले तवा धाबं उतरवलं. चार बंड्या निंगाली. फेकू कायले? ओटा केला. आराचा खड्डाबी त्याच मातीनं लिपला. ते बुरजाचीच माती नाई का?"

माझ्याकडं यावर उत्तर नव्हतं. हद्दीचे दगड, बांध, विहीर, देऊळ, पायवाट, सगळ्यांना नकाशात खूण असते. साडेपाचशे बंड्या गावभर पांगून, छपरावर चढून, परत उतरून ओटा झाल्या तर त्याला कोणती खूण घालायची, ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नाही. मी फीत गुंडाळली. पाटीचं वाक्य परत वाचलं. "बुरजावर बसून" एवढं खरं होतं. बाकीचे शब्द चूक.

तरी फोटो चूक तो चूकच, आणि आठशेही चूकच. मी गुण बदललेले नाहीत.

पैसे फोनवरून दिले, एका झटक्यात गेले. परत जाताना काळीपिवळी मिळेलच याची खात्री नाही, सकाळी आणणाऱ्यालाच चार वाजताची वेळ सांगून ठेवा. पूर्वी हे काम शकुंतला रेल्वे करायची, मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, पुढं अचलपूर. तिच्यात बसलो की पोहोचेपर्यंत रोडगे दोनदा पचायचे. आता रूळ आहेत, गाडी नाही.

उरलेले रोडगे बांधून देतात, त्याचे पैसे लावत नाहीत, पण डबा आपला न्यावा. आम्ही सात आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं एक दुधात कुस्करून, गूळ घालून माझ्यापुढं ठेवला. ताजा गरम रोडगा एकीकडं आणि हा एकीकडं, मी दोन्हींत निवडू शकणार नाही. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कचकन आलं. बारीक खडा, पिवळट-पांढरा. मी तो जिभेच्या टोकावर घेऊन मोरीकडं उठलो.

बायको म्हणाली, "थुंकू नका. आधी मोजा."